घोगरीची मोजदाद

सोमवार, ४ मार्च

ही वही आत्मचरित्र लिहायला काढलेली नाही. मला फक्त मोजायचं आहे. ज्या बाईच्या एका गाण्याने गेले दोन महिने माझे कान किटले आहेत, ती मला दिवसातून किती वेळा गाठते याची लेखी नोंद ठेवायची, असं आज सकाळी ठरवलं. उद्या कुणी म्हणालं की तुमचं आपलं काहीतरीच, तर हातात पुरावा हवा.

बाईचं नाव लिहिणार नाही. तेवढीच एक जाहिरात कमी. आवाज घोगरा, म्हणून घोगरी. गाण्यात ‘उद्या ये’ हे दोन शब्द एकतीस वेळा येतात. ते प्रेमगीत आहे म्हणे. मला ते कचेरीच्या खिडकीवर मिळणारं उत्तर वाटतं.

आजचा हिशोब: बसमध्ये एकदा, दुधाच्या दुकानात दोनदा, केस कापायच्या दुकानावरून जाताना एकदा, वरच्या मजल्यावरून एकदा, आणि आमच्या स्वतःच्या रेडिओ केंद्रावर तीनदा. एकूण आठ. केंद्रावरच्या तिन्ही वेळांचं पाप सकाळच्या निवेदिकेच्या माथी.

दुसरी बातमी. आमच्याकडे तबकड्या ठेवायची खोली आहे, तिला सगळे तबकडीखाना म्हणतात आणि मला तबकडीबाई. तेहतीस वर्षं झाली. खोलीला खिडकी नाही, छतापर्यंत लाकडी कप्पे, आणि शिडीची तिसरी पायरी कुरकुरते. केंद्रप्रमुखबाईंनी बोलावून सांगितलं की ही खोली एप्रिलअखेर रिकामी करायची. (बाई माझ्याहून वीस वर्षांनी लहान. आवाज बारीक आणि अर्धे शब्द गिळतात. मला दोनदा ‘काय?’ म्हणावं लागलं.) बाजारात मिळणाऱ्या तबकड्यांची काळजी नाही, ती गाणी केव्हाच कॉम्प्युटरात शिरली. प्रश्न आहे तो आमच्याच स्टुडिओत कोरलेल्या सहाशे चाळीस तबकड्यांचा. त्या जगात दुसरीकडे कुठेच नाहीत. मी एकेक वाजवायची, ऐकायची, कॉम्प्युटरात उतरवायची. उतरली की तबकडी खोक्यात आणि खोकं भंगारवाल्या व्यापाऱ्याकडे. तीस एप्रिलला मीही निवृत्त. म्हणजे आम्ही सगळ्या एकदमच निघणार.

“तुमच्या कानावर आमचा विश्वास आहे,” बाई म्हणाल्या. हे मात्र मला स्वच्छ ऐकू आलं.

बुधवार, ६ मार्च

मुख्य कचेरीतून तंत्रज्ञ आला आहे. पंचेचाळिशीचा, टक्कल पडलेला, गळ्यात सदैव हेडफोन. काहीही विचारलं की म्हणतो, “शेवटी सगळं शून्य आणि एकच असतं.” म्हणून मी त्याचं नाव शून्यएक ठेवलं. आवाज मात्र छान, खर्जातला. आजकाल माणसं तोंडातल्या तोंडात बोलतात, हा एकटा स्पष्ट बोलतो.

कामाची रीत अशी. तबकडी धुवायची, पुसायची, सुई ठेवायची. तबकडी आणि कॉम्प्युटर यांच्यामध्ये एक पेटी आहे, तिच्यावर दोन गोल बटणं. एक जाड आवाजाचं, एक बारीक आवाजाचं. आकडे शून्य ते दहा.

“दोन्ही पाचवर ठेवायची आणि विसरून जायचं,” शून्यएक म्हणाला.

विसरायचंच असेल तर मी कशाला हवी? पाचवर सगळं गाणं रजईत गुंडाळल्यासारखं येतं. बासरीत फुंकर नाही, व्हायोलिनला धार नाही. बारीक आवाजाचं बटण साडेसातवर नेलं तेव्हा कुठे गाण्यात जीव आला. या कॉम्प्युटरला असं चिमटा काढून जागं ठेवावं लागणार. कुठल्या तबकडीला कुठला आकडा ते रजिस्टरात लिहिते आहे. कुणी मागितलेलं नाही, पण हात स्वस्थ बसत नाही.

एक गोष्ट अभिमानाची. जुन्या तबकड्यांना तेलात पाणी पडल्यासारखी चुरचुर असते. आमच्या तबकड्यांना ती जवळजवळ नाहीच. तेहतीस वर्षं नीट जपल्याचं फळ.

घोगरी: सहा.

शनिवार, ९ मार्च

मास्तरांनी दाराची घंटी बदलली. मास्तर म्हणजे आमचे हे. गणित शिकवून निवृत्त झाले, पण वर्ग अजून सुटला नाही. जेवायला बसलं तरी शेवटच्या बाकाला ऐकू जाईल असं बोलतात. आधीची घंटी गोड किणकिणायची. महिनाभर बिघडली होती, वाजतच नव्हती. नवी घंटी म्हणजे बोटीचा भोंगा.

“अहो, जरा बरी मिळाली नाही का?”

“दुकानात हीच होती,” मास्तर म्हणाले आणि वर्तमानपत्रात तोंड घातलं.

संध्याकाळी लेकीने माझ्या फोनवर गाण्यांचं ॲप घालून दिलं. “आई, जगातलं कुठलंही गाणं, एका बोटावर.” मला तबकडीची दुसरी बाजू उलटण्यात सुख वाटतं. याला बाजूच नाहीत. एक गाणं लावलं की पुढची हे स्वतःच्या मनाने लावतं, न विचारता वाढणाऱ्या यजमानासारखं. पुढची पाच-सहा मिळमिळीत निघाली, म्हणून अर्ध्यावर पुढे ढकलली. आणि मग आलीच ही. घोगरी.

एकूण अकरा. शनिवारी लोक मोकळे असतात.

रविवार, १० मार्च

लेक आणि चिमणी आल्या होत्या. चिमणी म्हणजे नात, सहा वर्षांची. आवाजही तसाच, म्हणून मीच ठेवलेलं नाव. दुपारभर माझ्या मागे मागे होती आणि काहीतरी सांगत होती. शाळेचं काहीतरी. हल्ली ही मुलगीसुद्धा पुटपुटायला लागली आहे. शाळेत स्पष्ट बोलायला शिकवतच नाहीत बहुतेक. मी एकीकडे कपड्यांच्या घड्या घालत “हो, हो” म्हणत राहिले. तिचं समाधान झालेलं दिसलं. गळ्यात पडून गेली.

गाडीतून त्यांना सोडायला गेलो तेव्हा रेडिओवर घोगरी लागली. “लागलं बघ पुन्हा,” मी म्हणाले. मास्तर म्हणाले, “अगं, हिच्याआधी तीन बायका गाऊन गेल्या.” गेल्या असतील. लक्षात राहण्यासारखं काही नसणार त्यात.

घोगरी: चार.

गुरुवार, १४ मार्च

शंभरावी तबकडी उतरली. बटण आठवर.

घोगरी: सात.

शुक्रवार, १५ मार्च

लेकीचा फोन. फोनवर ती फार भरभर बोलते, म्हणून मास्तरांकडे दिला. त्यांनी ऐकून मला सांगितलं: काल चिमणीच्या शाळेत पालकांसमोर गाणं होतं. चिमणीने ढगांचं गाणं म्हटलं. मी येणार म्हणून पहिल्या रांगेतली एक खुर्ची तिने आपला स्वेटर टाकून धरून ठेवली होती. मी गेले नाही.

“मला कुणी सांगितलंच नाही!”

“ती म्हणते, तू हो म्हणालीस,” मास्तर म्हणाले.

मी कशाला हो म्हणेन? गुरुवारी मी तबकडीखान्यात असते हे सगळ्यांना माहीत आहे. पण पोरगी खोटं बोलणारी नाही. वाईट वाटलं, दिवसभर वाटत राहिलं. स्वेटर टाकून जागा धरायची युक्ती माझीच, मीच शिकवली होती तिला.

मोजलं नाही.

रविवार, १७ मार्च

चिमणीची समजूत घालायची म्हणून रंगीत खडूंची पेटी आणून ठेवली होती. ती आली, माझ्यासमोर उभी राहिली, हनुवटी छातीला टेकवली आणि चक्क घोगरीच्या आवाजात म्हणाली, “आजी, पाणी दे.”

मला वाटलं गंमत. पण दुपारभर तेच. “आजी, इकडे बघ.” “आजी, माझा दात हलतोय.” एवढ्याशा गळ्यातून ते भसाडं ऐकून माझं डोकं फिरलं. रस्ता, बस, दुकान, केंद्र, सगळीकडे ती बाई आहेच, आता माझ्या नातीच्या घशातही! मी सरळ कानउघाडणी केली. म्हटलं, “माझ्या घरात त्या बाईच्या आवाजात बोलायचं नाही. स्वतःच्या आवाजात बोलायचं. कळलं?”

तिने मान डोलावली. लेकीने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच काहीतरी फोडलं.

मुलांवर असल्या गाण्यांचा काय परिणाम होतो, यावर कुणीतरी लिहायला हवं.

गुरुवार, २१ मार्च

आज वाईट दिवस. दोनशे बारा नंबरची तबकडी काढली. माझ्या नोकरीच्या पहिल्या दिवशी तेव्हाच्या तबकडीबाईंनी मला ऐकवलेली हीच. माझ्याही आधीच्या काळात आमच्या स्टुडिओत अकरा शाळकरी मुलींनी म्हटलेलं गाणं, मागे पियानो. अकरा आवाज टाचण्यांसारखे वेगवेगळे उभे राहायचे. बाई म्हणाल्या होत्या, “यातल्या अकराही मोजता आल्या तर तू या खोलीत टिकशील.” मी पहिल्याच दिवशी मोजल्या होत्या.

आज मुली नाहीतच. पियानो खणखणीत आणि त्याच्या मागे कुणीतरी भिंतीपलीकडे कुजबुजतंय असं काहीतरी. सुई बदलली, तबकडी पुन्हा धुतली. काही नाही. खोबण झिजली असणार. बटण दहावर नेलं, म्हणजे काट्याची हद्द, तेव्हा जरा सावली आली. तशीच उतरवली. रजिस्टरात लिहिलं: ‘२१२. मूळ तबकडी खराब. दहा.’

शून्यएक दारात आला आणि चेहरा आंबट करून उभा राहिला. “बाई, दहावर? आवाज फाटतो हो.”

“तुम्हाला फाटका वाटतो, मला उरलेला वाटतो,” मी म्हणाले.

घोगरी: पाच. पाचही वेळा ठणठणीत. तिची खोबण कधी झिजणार कोण जाणे.

रविवार, २४ मार्च

चिमणी आली होती. बोलण्याचा उपयोग झाला. घोगरीचं नाव नाही. कोपऱ्यात बसून चित्र काढत होती, एकदाही मागे मागे केलं नाही. मुलगी शहाणी झाली, शांत झाली. लेकीला मी तसं म्हटलंही. ती म्हणाली, “हो, शांत झालीये खरी.” इतकं बोलून ती चहा ठेवायला गेली.

गुरुवार, २८ मार्च

पहिली तीनशे टेम्पोतून गेली. दहा खोकी. व्यापाऱ्याच्या माणसाने सही मागितली. कसली सही, तर ‘माल मिळाला’. माल! मी सही केली. कप्पे उघडे पडल्यावर खोली मोठी दिसेल असं वाटलं होतं. उलट लहान दिसते.

शून्यएक म्हणाला, “बाई, वाईट नका वाटून घेऊ. आतलं सगळं आता कॉम्प्युटरात आहे.”

त्याला कधी नव्हे ते शून्य आणि एक आठवले नाहीत, याबद्दल आभार मानले.

रविवार, ३१ मार्च

ॲपने महिन्याचा अहवाल पाठवला. रंगीबेरंगी, वर फुगे. ‘तुमची सर्वांत लाडकी गायिका’, आणि खाली घोगरीचा फोटो. या महिन्यात मी तिला म्हणे एकेचाळीस वेळा पूर्ण ऐकलं. बाकी कुणालाही शेवटपर्यंत नाही.

धडधडीत खोटं. मास्तरांना दाखवलं. ते म्हणाले, “यंत्र मोजतं तेवढंच सांगतं.” गणिताच्या माणसाकडून दुसरी काय अपेक्षा? मग विचार केला. बाकीची गाणी मिळमिळीत म्हणून मी पुढे ढकलते, हे खरं. हिचं लागलं की शिव्या देत शेवटपर्यंत ऐकते, हेही खरं. पण याला आवड म्हणतात का? यंत्राला शिव्या ऐकू येत नाहीत, तिथेच सगळा घोळ आहे.

चिमणीने चित्र दाखवलं. मी, मास्तर, ती. मला कान काढले नव्हते. केसांखाली गेले असतील.

बुधवार, ३ एप्रिल

सोमवारपासून सकाळी अर्धा तास माझ्या उतरवलेल्या गाण्यांचा कार्यक्रम सुरू झाला आहे. निवेदिका पहिल्यांदाच घोगरीला बाजूला ठेवून माझ्या लोकांना वाजवते आहे, या आनंदात मी होते. तिसऱ्या दिवशी तक्रारींची यादी टेबलावर आली. सतरा फोन. ‘कानात सुया टोचतात.’ ‘रेडिओत वाफ कोंडली आहे का?’ ‘आमचा कुत्रा पलंगाखाली गेला तो बाहेर येईना.’

लोकांना स्वच्छ आवाजाची सवयच उरलेली नाही. मी केंद्रप्रमुखबाईंना तसं लिहून दिलं.

शून्यएकने मला कॉम्प्युटरवर गाण्याचं चित्र दाखवलं. खाली जाड आवाज, वर बारीक. माझ्या गाण्यांच्या वरच्या भागात गच्च काळं. “बाई, ही सगळी चुरचुर आहे. तुम्ही बटण वर नेलं ना, ती गाण्याच्या डोक्यावर बसली.”

“गाणं डोळ्यांनी बघायचं नसतं,” मी म्हणाले. वाक्य चांगलं होतं. घरी येईपर्यंत मला आवडत होतं.

शुक्रवार, ५ एप्रिल

शून्यएक म्हणाला, “बाई, पेटी तपासू या. बिघाड तिच्यात असू शकेल.” मला बसवलं, हेडफोन न लावता मोठ्या स्पीकरवर एकच सूर लावला. सूर हळूहळू वर चढत जाणार, मी हात वर ठेवायचा आणि सूर थांबला की खाली घ्यायचा. पोरखेळ.

सूर चढला. शिट्टीएवढा झाला, मग बारीक तारेएवढा, मग थांबला. मी हात खाली घेतला. “बंद पडलं वाटतं,” मी म्हणाले.

त्याने पडदा माझ्याकडे फिरवला. त्यावरची रेघ चालूच होती, वर वर जात होती. मी दाराकडे पाहिलं. सकाळची निवेदिका फाइल काखेत धरून, दोन्ही कानांवर हात दाबून उभी होती.

त्याने बटण दाबून ते थांबवलं. निवेदिकेने हात काढले तेव्हा मला कळलं की आत्ता थांबलं.

बिघाड पेटीत नाही.

शनिवार, ६ एप्रिल

मास्तरांना विचारलं, “तुम्हाला माहीत होतं?”

“दीड वर्ष झालं असेल.”

“म्हणून घंटी बदललीत?”

“हो. जुनी चांगली होती गं. तुला ऐकू जाईना.”

“आणि मला सांगावंसं नाही वाटलं?”

“तीनदा सांगायला आलो. दोनदा धीर झाला नाही. एकदा सांगितलं, ते तुला ऐकू आलं नाही.” मग ते नेहमीपेक्षा हळू म्हणाले, तरी मला कळलं, “तू नोकरीच कानाची करतेस. कुठल्या तोंडाने सांगू?”

मी दोन तास त्यांच्याशी बोलले नाही. नंतर लक्षात आलं की माझा राग त्यांच्यावर नव्हता. मग दोघांनी चहा घेतला.

सोमवार, ८ एप्रिल

कानाचे डॉक्टर म्हणाले, वयाने होतं, एकदम कळत नाही, आधी बारीक आवाज जातात. पक्षी, घंटी, लहान मुलं, बायकांचं बोलणं. जाड आवाज शेवटपर्यंत साथ देतात. यंत्र मिळेल, दोन आठवडे लागतील. “आत छोटा कॉम्प्युटरच असतो,” ते कौतुकाने म्हणाले. आयुष्यभर ज्याला दारात उभं केलं नाही, तो आता कानात राहायला येणार.

तिथून सरळ केंद्रावर. शून्यएक वाट बघत होता. त्याने माझं रजिस्टर आधीच चाळलं होतं. आकडे लिहिलेले असल्यामुळे बहुतेक गाणी उलट फिरवून पाचवर आणता येतील, म्हणाला. “कुणाला सांगायचीसुद्धा गरज नाही.” पण जी दहावर गेली तिथे आवाज फाटला आहे, तो शिवता येत नाही. अशा त्रेचाळीस. त्यातल्या एकतीस टेम्पोतून गेलेल्या. त्या परत आणायच्या तर केंद्रप्रमुखबाईंची सही हवी आणि सही हवी तर कारण द्यायला हवं.

मी दहा मिनिटं शिडीच्या तिसऱ्या पायरीवर बसले. तीस तारखेला माझा निरोप समारंभ आहे. भाषणात माझ्या कानाबद्दल कोण काय बोलणार हे मला पाठ आहे, कारण त्यातलं अर्धं मीच वर्षानुवर्षं सांगत आले आहे. गप्प राहिले तर ते ऐकायला मिळालं असतं. दोनशे बारामधल्या मुली मात्र गेल्या असत्या आणि त्या खराब होत्या असं माझ्याच अक्षरात लिहिलेलं राहिलं असतं.

आत जाऊन सांगितलं. सगळं, आकड्यांसकट. केंद्रप्रमुखबाई उठून टेबलाच्या माझ्या बाजूला येऊन बसल्या आणि समोर तोंड करून सावकाश म्हणाल्या, “आजच फोन करते.” एकही शब्द गिळला नाही. आधीही गिळत नसाव्यात.

बाहेर आल्यावर मला लाज वाटत होती आणि हलकंही वाटत होतं. दोन्ही एकदम वाटू शकतं हे नवीन कळलं.

गुरुवार, ११ एप्रिल

मी आणि शून्यएक व्यापाऱ्याच्या गोदामात. आमची खोकी जुन्या पंख्यांच्या ढिगाखाली जशीच्या तशी. व्यापारी म्हणाला, “या गाण्यांना गिऱ्हाईकच नाही, म्हणून इथंच पडलीत.” आयुष्यात पहिल्यांदा आमची गाणी कुणाला नको आहेत याचा आनंद झाला. एकतीसपैकी एकोणतीस धड निघाल्या. दोन तळाशी दबून फुटलेल्या. त्यांचे नंबर मी लिहून घेतले. ते दोन माझ्या नावावर राहतील.

दुपारी दोनशे बारा लावली. या वेळी बटणांना मी हात लावला नाही, हात मांडीवर ठेवून बसले. दोन्ही काटे पाचवर. पियानो सुरू झाला. मग कुजबुज. मी सुईकडे बघत होते. शून्यएक डोळे मिटून ऐकत होता, बोटं एकेक करून दुमडत होता. दोन्ही हात संपल्यावर त्याने पुन्हा अंगठा दुमडला.

“आहेत बाई,” तो म्हणाला. “अकराही आहेत. तबकडी एकदम चांगली आहे.”

मी रजिस्टर काढलं आणि ‘मूळ तबकडी खराब’ हे शब्द खोडले. वर लिहिलं: ‘उत्तम. पाच.’ मग बाथरूममध्ये जाऊन तोंड धुऊन आले.

शनिवार, १३ एप्रिल

आज ही वही पहिल्यापासून वाचली. घोगरीची मोजदाद चोख आहे. बाकी जे लिहिलंय ते माझंच, पण वाचताना माझ्यावर नजर ठेवून बसलेल्या दुसऱ्या कुणीतरी लिहिल्यासारखं वाटलं. दहा मार्च दोनदा वाचला. सतरा मार्च पूर्ण वाचवला नाही. चोवीसला मी लिहिलंय, मुलगी शहाणी झाली.

उद्या रविवार.

रविवार, १४ एप्रिल

चिमणी आली ती सरळ कोपऱ्यात चित्रं काढायला गेली. मी तिच्याजवळ जमिनीवर बसले. गुडघ्यांनी तक्रार केली, ती ऐकू आली.

“चिमणे, तू त्या बाईच्या आवाजात का बोलायचीस?”

तिने आधी आईकडे पाहिलं. मग ओठ हलले. मला नुसते ओठ दिसले, सशासारखे भरभर.

“तिच्या आवाजात सांग,” मी म्हणाले.

“तू नाही म्हणालीस.” हे तिच्या ओठांवरून कळलं.

“आता मी हो म्हणते. आणि या वेळी मला माहीत आहे मी कशाला हो म्हणतेय.”

तिने हनुवटी छातीला टेकवली, गाल फुगवले आणि भसाड्या आवाजात म्हणाली, “असं बोललं की तुला कळतं.”

“कुणी सांगितलं तुला?”

“कुणीच नाही. गाडीत तिचं गाणं लागलं की तू म्हणतेस, लागलं बघ पुन्हा. दुसरी लागली की तू काहीच म्हणत नाहीस.”

डॉक्टरांनी यंत्रं लावून, बंद खोलीत बसवून जे सांगितलं, ते हिने मागच्या सीटवर बसून महिन्यापूर्वी ओळखलं होतं. उपायही काढला होता. आणि मी तो बंद करून टाकला होता. लेक खिडकीशी, आमच्याकडे पाठ करून उभी राहिली. मास्तर चष्मा पुसत बसले. चष्मा स्वच्छ होता.

मी चिमणीला म्हटलं, “माझं चुकलं. तुझ्या शाळेत यायचं राहिलं ते मला ऐकूच आलं नव्हतं. खुर्ची रिकामी राहिली ना?”

“मग मी तिथे स्वेटरच बसवला,” ती त्याच आवाजात म्हणाली.

थोड्या वेळाने तिला त्याच आवाजात ढगांचं गाणं म्हणायला सांगितलं. ती उभी राहिली, हात मागे बांधले, शाळेत सांगितलं असेल तसे, आणि गाऊ लागली. गाणं बारीक आवाजासाठी केलेलं. त्या घोगऱ्या सुरात ते मधेच बसायचं, मधेच घसरायचं, एका ठिकाणी तिला ठसका लागला. तेहतीस वर्षांत मी इतकं बेसूर काही शेवटपर्यंत ऐकलेलं नाही. शब्द मात्र एकूण एक कळले. तीन ढग आहेत, त्यातला धाकटा वाट चुकतो, आणि घरी येतो.

घोगरी: दोन. दुसऱ्यांदा मीच म्हणायला लावलं.